साक्षीचे पत्र

वैद्यकीय शिक्षणाचा दरवाजा आपल्याकडे आकड्याने उघडतो. बारावीनंतरची एक सामाईक परीक्षा, तिच्यातील गुण, त्या गुणांवरून लागलेला क्रम आणि त्या क्रमानुसार यादीतून वाट्यास आलेले महाविद्यालय, या साऱ्या साखळीत विद्यार्थ्याला जवळून ओळखणाऱ्या कोणाही इसमाच्या शब्दाला स्थान नाही. आणि ते नसावे असेच आपल्या समाजाला अनुभवाने वाटत आलेले आहे, कारण ओळखीच्या शब्दाला एकदा जागा दिली की तिच्यामागून वशिला आत शिरतो, हे आपण सरकारी कचेऱ्यांपासून शाळेच्या प्रवेशापर्यंत सर्वत्र पाहिले आहे. म्हणूनच अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलगी जेव्हा आईबापांस सांगते की, मला वैद्यकाच्या प्रवेशासाठी एका डॉक्टरांचे पत्र मिळवायचे आहे, तेव्हा त्या आईबापांचे मन आपोआप ओळखीपाळखीच्या मोठ्या माणसांची यादी चाळू लागते, आणि तेथेच त्यांची पहिली गफलत होते. हे पत्र कशासाठी मागितले जाते, ते कोणी लिहावयाचे, आणि ते मागण्याचा अधिकार विद्यार्थ्याला कशाने प्राप्त होतो, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

अमेरिकेत वैद्यकाचे शिक्षण सामान्यतः चार वर्षांची पदवी घेतल्यानंतर सुरू होते. त्या पदवीतील गुण, एमकॅट नावाची प्रवेशपरीक्षा, स्वतःविषयीचा निबंध, रुग्णसेवेचा व समाजसेवेचा अनुभव, परिचितांची पत्रे आणि शेवटी प्रत्यक्ष मुलाखत, या सर्वांचा एकत्र विचार करून महाविद्यालय आपला निर्णय देते. या महाविद्यालयांचे दोन वर्ग आहेत. एका वर्गातून एम.डी. ही पदवी मिळते, दुसऱ्यातून डी.ओ., म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन ही. इंग्लंडात अथवा युरोपातील बहुतेक देशांत ऑस्टिओपॅथ म्हटला की तो हाताने सांधे व स्नायू यांवर उपचार करणारा चिकित्सक एवढाच अर्थ होतो. औषध लिहून देण्याचा वा शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार त्याला त्या शिक्षणाने येत नाही. अमेरिकेतील डी.ओ. मात्र पूर्ण अर्थाने डॉक्टर असतो. तो औषधे देतो, शस्त्रक्रिया करतो, बाळंतपणे करतो, अतिदक्षता विभाग चालवतो. अध्यक्ष ट्रम्प यांचे वैद्य शॉन कॉनली आणि अध्यक्ष बायडन यांचे वैद्य केव्हिन ओ'कॉनर हे दोघेही डी.ओ. होते. आज त्या देशात वैद्यक शिकणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांमागे एकाहून अधिक विद्यार्थी या महाविद्यालयांत आहेत. इतका मोठा हा प्रवाह आहे, आणि तरीही त्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे डॉक्टरांचे पत्र विशेष आग्रहाने मागितले जाते, याचे कारण त्या प्रवाहाच्या इतिहासात शोधावे लागते.

तो इतिहास एका बापाच्या शोकापासून सुरू होतो. ॲण्ड्र्यू टेलर स्टिल हा 1828 साली व्हर्जिनियात जन्मला. बाप मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि वैद्यही. मुलगा बापाच्या हाताखाली वैद्यक शिकला, कॅन्ससच्या सरहद्दीवर वसाहतवाल्यांची सेवा करू लागला, आणि यादवी युद्धात उतरला. 1864 साली त्याची तीन मुले मस्तिष्कावरणाच्या दाहाने त्याच्या डोळ्यांदेखत गेली. त्या काळचे वैद्यक म्हणजे पाऱ्याचे कॅलोमेल, अफू, मद्य, रक्त काढणे आणि जुलाब देणे. जे उपचार उपलब्ध होते ते सर्व होऊनही मुले वाचली नाहीत, आणि जे वैद्यक आपण शिकलो ते या प्रसंगी सर्वथा निष्फळ ठरले, या जाणिवेने त्या माणसाचे सारे पुढील आयुष्य व्यापले. दहा वर्षांच्या चिंतनानंतर, 22 जून 1874 रोजी, आपली नवी चिकित्सापद्धती निश्चित झाल्याचे त्याने जाहीर केले. शरीर हे एक अखंड एकक आहे, रचना आणि कार्य परस्परांवर अवलंबून आहेत, शरीरात स्वतःला सावरण्याची शक्ती आहे, आणि वैद्याने या तिन्ही गोष्टी ध्यानी धरून उपचार करावा, अशा शब्दांत त्या विचाराचे सार आज सांगितले जाते.

कॅन्ससमधील ज्या बेकर विद्यापीठाच्या उभारणीस स्टिलच्या घराण्याने हातभार लावला होता, तेथेच त्याला आपला विचार मांडू देण्यात आला नाही. अखेर मिसूरीतील कर्क्सव्हिल या लहानशा गावी तो स्थिरावला. त्याच्या हाताचा गुण ऐकून आगगाड्या भरभरून रोगी त्या गावी येऊ लागले. आणि 1892 साली दोन खोल्यांच्या एका लाकडी घरात त्याने आपली शाळा उघडली. पहिल्या वर्गात सुमारे 20 विद्यार्थी होते आणि त्यांत स्त्रियाही होत्या, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. शरीररचनाशास्त्र शिकविण्यास विल्यम स्मिथ हा एडिंबरोचा शिकलेला स्कॉटिश डॉक्टर होता. शाळेच्या सनदेनुसार स्टिलला एम.डी. ही पदवी देता आली असती. त्याने ती बुद्धिपुरःसर नाकारली आणि डी.ओ. ही नवी पदवी निर्माण केली. माझ्या मते या एका निर्णयातून पुढच्या शंभर वर्षांचा कलह जन्मास आला, आणि या पंथाचे स्वत्वही त्यातूनच टिकून राहिले.

कलह खरोखरच दीर्घ होता. 1896 साली व्हर्मॉन्ट राज्याने प्रथम या डॉक्टरांना कायद्याने मान्यता दिली, परंतु पूर्ण व्यवसायाधिकार देणारे शेवटचे राज्य, मिसिसिपी, 1973 साली तयार झाले. 1910 साली अब्राहम फ्लेक्सनरने अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची जी प्रख्यात झडती घेतली, तिच्यात ऑस्टिओपॅथीच्या आठही शाळांवर कठोर ताशेरे होते, आणि ते बव्हंशी वाजवी होते. त्या शाळांनी पुढील दशकांत अभ्यासक्रम, प्रयोगशाळा आणि रुग्णालये सुधारून त्या टीकेला कृतीने उत्तर दिले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या डॉक्टरांशी स्वेच्छेने व्यावसायिक संबंध ठेवणे हे नीतिबाह्य वर्तन मानले होते. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने त्यांना वैद्यकीय अधिकारी म्हणून घेतले नाही. ते गावोगावी मागे राहिले, आणि ज्यांचे डॉक्टर युद्धावर गेले होते ती कुटुंबे त्यांच्याकडे येऊ लागली. 1962 साली कॅलिफोर्नियात तर असा प्रसंग आला की, तेथील सुमारे 2000 डी.ओ. डॉक्टरांनी 65 डॉलर शुल्क भरून एम.डी. पदवी स्वीकारली, त्यांचे महाविद्यालय एम.डी.चे महाविद्यालय झाले, आणि त्या राज्यात नव्या डी.ओ. डॉक्टरांना परवाने देणे थांबले. बारा वर्षांनी, 1974 साली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग पुन्हा खुला केला. मधल्या काळात, 1966 साली, संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी सैन्यात त्यांना डॉक्टर म्हणून घेण्यास मंजुरी दिली. 2020 साली दोन्ही प्रकारच्या पदवीधरांचे पदव्युत्तर प्रशिक्षण एकाच मान्यतामंडळाखाली आले, आणि उभय पंथांतील व्यावहारिक भिंत जवळजवळ नाहीशी झाली.

जो व्यवसाय इतका काळ आपल्या वेगळेपणाची किंमत मोजीत आला, त्याला दारात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला एक प्रश्न विचारावासा वाटणे स्वाभाविक आहे. तू आमच्याकडे आमच्यासाठी आला आहेस, की दुसरीकडे जागा न मिळाली तर असावी म्हणून आला आहेस? हा प्रश्न उघडपणे विचारला तर प्रत्येक जण एकच उत्तर देईल, आणि निबंधात तर ते उत्तर सुंदर भाषेत लिहिता येते. म्हणून महाविद्यालय त्रयस्थाची साक्ष मागते. या विद्यार्थ्याने आमच्या डॉक्टरांचे काम खरोखर पाहिले आहे काय, पाहून त्याला काय उमगले, आणि रोग्याच्या खोलीत तो कसा वागतो, हे सांगू शकेल असा मनुष्य त्या खोलीत उपस्थित असलेला डॉक्टरच असू शकतो. या पत्राचे सारे मोल डॉक्टरांनी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पाहिले असण्यात आहे. लिहिणाऱ्याचा हुद्दा, कीर्ती, संपत्ती अथवा विद्यार्थ्याच्या घराण्याशी असलेला स्नेह यांनी त्यात भर पडत नाही. पूर्वी आपल्याकडे स्थळाची चौकशी करताना शहाणी माणसे गावच्या पाटलाच्या प्रशस्तीपेक्षा भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीच्या दोन वाक्यांवर अधिक विसंबत, त्यातला विवेक हाच होता.

नियमांची बाजू थोडक्यात सांगतो. सर्व महाविद्यालयांचा दंडक एक नाही. काही ठिकाणी डी.ओ. डॉक्टरांचे पत्र अनिवार्य असते. काही ठिकाणी डी.ओ. किंवा एम.डी. यांपैकी कोणाचेही चालते, परंतु डी.ओ.चे असल्यास बरे असे सुचविलेले असते. काही ठिकाणी विज्ञानाच्या प्राध्यापकांची पत्रे किंवा महाविद्यालयाच्या सल्लागार समितीचे एकत्रित पत्र पुरते. हे दंडक वर्षागणिक बदलतात, म्हणून ज्या ज्या महाविद्यालयाकडे अर्ज करावयाचा त्याची चालू वर्षाची सूचना स्वतः वाचणे हाच एकमेव मार्ग आहे. तथापि अनिवार्य नसले तरी डी.ओ. डॉक्टरांचे चांगले पत्र असावे, असेच माझे मत आहे. ज्याला या शाखेत जावयाचे आहे त्याने तिच्या एका तरी डॉक्टराबरोबर काही काळ घालविलेला नसेल, तर त्याच्या निवडीलाच आधार काय, हा प्रश्न महाविद्यालयाने विचारण्याआधी त्याने स्वतःला विचारला पाहिजे.

येथे मराठी कुटुंबांची एक विशिष्ट अडचण उभी राहते, आणि तिच्याकडे सहानुभूतीने पाहिले पाहिजे. 1965 सालच्या कायद्याने स्थलांतराचे जुने निर्बंध उठल्यावर पुण्या-मुंबईची, नागपूर-मिरजेची वैद्यकीय महाविद्यालये सोडून अनेक डॉक्टर अमेरिकेस गेले. त्यांची पुढची पिढी डॉक्टरांच्या घरात वाढली. मामा हृदयरोगतज्ज्ञ, आत्या भूलतज्ज्ञ, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीला शेजारी उभे राहणारे काका शल्यविशारद. अशा मुलाला डॉक्टरांच्या पत्राची वाण पडेल असे कोणाला वाटणारच नाही. परंतु नातलगांची पत्रे बहुतेक महाविद्यालये स्वीकारीतच नाहीत. मंडळातील काकांनी मुलाला लहानाचे मोठे होताना पाहिले असले, त्याच्या नाटकातल्या कामाचे आणि भगवद्गीतेच्या पाठांतराचे कौतुक केले असले, तरी रोग्यासमोर तो कसा उभा राहतो हे त्यांनी पाहिलेले नसते. आणि हे बहुतेक सर्व ज्येष्ठ भारतातून एम.बी.बी.एस. होऊन आलेले असल्याने डी.ओ. पंथाशी त्यांचा संबंध सहव्यावसायिकाचाच असतो. शिवाय "काका, मला एक पत्र हवे आहे" असे म्हटले की काका नाही म्हणत नाहीत, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला पत्रात वजन येत नाही. काकांची मदत जरूर घ्यावी, पण ती वेगळी: त्यांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या एखाद्या डी.ओ. सहकाऱ्याशी ओळख करून देण्याची विनंती त्यांना करावी, आणि पुढचा रस्ता मुलाने आपल्या पायांनी चालावा.

ज्यांच्या घरात वा परिचयात एकही डॉक्टर नाही, त्यांना हे काम अधिक कठीण, परंतु अशक्य मुळीच नाही. अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशन, जिची मुळे 1897 सालापर्यंत जातात, आपल्या डॉक्टरांची सूची सर्वांस खुली ठेवते; राज्याराज्यांच्या ऑस्टिओपॅथिक संघटना विद्यार्थ्यांना जवळचे डॉक्टर गाठून देण्यास साह्य करतात; आणि कित्येकदा असे आढळते की, घराजवळच्या ज्या दवाखान्यात आपण लहानपणापासून जातो तेथील पाटीवर नावापुढे डी.ओ. हीच अक्षरे आहेत. या डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबवैद्यक, बालरोग आणि सामान्य वैद्यक अशा प्राथमिक सेवेत असतात, आणि त्यांची अनेक महाविद्यालये मुद्दाम डोंगराळ व ग्रामीण मुलखात वसविलेली आहेत: केंटकीच्या खाणींच्या प्रदेशातील पाइकव्हिल, किंवा वेस्ट व्हर्जिनियातील लुइसबर्ग, जेथे एका जुन्या लष्करी शाळेच्या आवारात वैद्यकाचे वर्ग भरतात. म्हणून पत्रासाठी नामांकित रुग्णालयातील विभागप्रमुखच हवा असा हट्ट धरू नये. लहान गावातला कुटुंबवैद्य, ज्याच्याबरोबर विद्यार्थ्याने अनेक दुपारी घालविल्या आहेत, त्याचे पत्र अधिक बोलके असते.

त्या दुपारी काय घडते? समजा, पासष्टीचा एक शेतकरी कंबर धरली म्हणून आला आहे. डॉक्टर त्याला विद्यार्थ्याची ओळख करून देतात आणि तो खोलीत राहिला तर चालेल काय, असे विचारतात. चालेल म्हटल्यावरच विद्यार्थी भिंतीकडच्या स्टुलावर बसतो. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या, मागच्या महिन्यातील रक्ततपासणी, पायात मुंग्या येतात काय, लघवीवरचा ताबा सुटला आहे काय, हे सर्व कोणत्याही डॉक्टराने विचारावे तसेच विचारले जाते, कारण कंबरदुखीच्या आड काही भयंकर दडलेले नाही याची खातरी आधी करावयाची असते. मग डॉक्टर त्याला टेबलावर पालथे निजवून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांची अग्रे हळूहळू खाली नेतात, एके ठिकाणी थांबतात, डावीउजवीकडचा ताण ताडून पाहतात. पुढे त्याला कुशीवर वळवून, गुडघा स्वतःच्या तळहाताशी धरून, "आता माझ्या हाताला हलकेच रेटा" असे सांगतात. काही सेकंद रेटा, मग सैल सोडणे, मग सांधा किंचित पुढे नेणे, पुन्हा रेटा. तीन-चार फेऱ्यांनंतर उठवून चालायला लावतात. शेवटी औषधाची चिठ्ठी, व्यायामाच्या सूचना आणि दोन आठवड्यांनी पुन्हा येण्याची तारीख. हाताने करावयाच्या या उपचारांचे शिक्षण प्रत्येक डी.ओ. विद्यार्थ्याला सुमारे 200 तास मिळते.

या उपचारांविषयी विद्यार्थ्याने अंध भक्ती धरण्याचे कारण नाही, आणि चांगले डॉक्टर तशी अपेक्षाही करीत नाहीत. 1999 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, जुनाट होऊ पाहणाऱ्या कंबरदुखीत या उपचारांनी आणि नेहमीच्या उपचारांनी रोग्यांस सारखाच गुण आला, परंतु हस्तोपचार घेतलेल्यांना औषधे कमी लागली, असे दिसले. हा माफक पण खरा लाभ आहे. याउलट कवटीच्या हाडांच्या सूक्ष्म हालचालींवर आधारलेल्या शाखेला पुराव्याचे बळ फारच तोकडे आहे, आणि अनेक डी.ओ. डॉक्टर आपल्या रोजच्या व्यवसायात हस्तोपचार क्वचितच करतात. हे सारे ज्याने डॉक्टरांना विचारले, त्यांची उत्तरे ऐकली आणि तरीही या मार्गाची निवड केली, त्या विद्यार्थ्याविषयी डॉक्टरांना लिहिण्यासारखे पुष्कळ असते. प्रश्न मात्र रोगी गेल्यावर, बाहेरच्या बोळात विचारावेत. आणि खोलीत ऐकलेली हकीकत बाहेर कोठेही, अगदी स्वतःच्या निबंधातसुद्धा, रोग्याची ओळख पटेल अशा रीतीने येऊ देऊ नये. 1996 च्या कायद्याने रोग्याच्या माहितीची गुप्तता राखणे हे दवाखान्यावर बंधनकारक आहे, आणि डॉक्टरांनी तुम्हाला आत घेतले तेव्हा त्यांनी आपली इभ्रत तुमच्या हाती दिलेली असते.

नुसते बसून पाहण्याला मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. दोन दुपारी स्टुलावर बसलेल्या विद्यार्थ्याविषयी अत्यंत उदार डॉक्टरही एवढेच लिहू शकेल की तो वेळेवर आला आणि अदबीने वागला. ज्यांना सवड आणि गरज दोन्ही आहेत, ते विद्यार्थी दवाखान्यात स्क्राइब म्हणून, म्हणजे डॉक्टर रोग्याला तपासत असता बाजूला बसून नोंदी करणारा मदतनीस म्हणून, पगारी काम करतात. कोणी रुग्णवाहिकेवर, कोणी मरणासन्न रुग्णांच्या सेवागृहात स्वयंसेवक म्हणून. वर्षभर आपल्या नोंदी लिहिणाऱ्या मुलीच्या चुका, तिची सुधारणा, थकलेल्या संध्याकाळचा तिचा स्वभाव हे सर्व डॉक्टरांनी पाहिलेले असते, आणि अशा पत्राची सर इतर कोणत्याही पत्राला क्वचितच येते.

आता प्रत्यक्ष मागण्याविषयी. अर्जाचे दफ्तर मे महिन्याच्या सुरुवातीस उघडते आणि महाविद्यालये जसजसे अर्ज येतील तसतसे ते विचारात घेतात, तेव्हा उशिरा पोहोचलेले पत्र अर्जालाच मागे ओढते. म्हणून विनंती हिवाळा संपता संपता करावी आणि डॉक्टरांना चार ते सहा आठवड्यांची मुदत द्यावी. विनंती शक्यतो समक्ष, निवांत वेळी, रोग्यांची गर्दी नसताना करावी. तिचे शब्द मला असे योग्य वाटतात: "आपण मला जितके पाहिले आहे, तेवढ्यावरून आपणांस माझ्याविषयी अनुकूल पत्र मनापासून लिहिता येईल का? येत नसेल तर तसे निःसंकोच सांगावे." या प्रश्नात डॉक्टरांसाठी माघारीची वाट मोकळी ठेवलेली असते, आणि ती ठेवणे हे सौजन्यही आहे आणि शहाणपणही. डॉक्टर घुटमळले, "बघू", "मी तुला फारसे ओळखत नाही" असे काही म्हणाले, तर तो नकार समजून आभार मानावेत आणि पुन्हा गळ घालू नये. अर्ध्या मनाने लिहिलेले पत्र वाचणाऱ्या समितीला पहिल्या परिच्छेदातच ओळखू येते.

होकार मिळाला की डॉक्टरांच्या हाती एक लहानसे टिपण द्यावे: आपले शिक्षण व अनुभव यांचा एक पानी तपशील, निबंधाचा मसुदा, कोणत्या महिन्यांत आपण त्यांच्याकडे होतो त्याची नोंद, आपल्या लक्षात राहिलेले दोन-तीन प्रसंग आणि त्यांतून काय उमगले त्याविषयी चार ओळी, पत्र केव्हापर्यंत हवे ती तारीख. डॉक्टरांनी त्या वर्षात हजारो रोगी पाहिलेले असतात. तुमची आठवण त्यांच्या मनात आहे, पण ती जागी करण्याचे काम तुमचे आहे.

कधी कधी डॉक्टर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." हे ते आळसाने म्हणत नाहीत, विश्वासाने आणि कामाच्या रगाड्यामुळे म्हणतात, तरीही येथे विद्यार्थ्याने नम्रपणे नकार द्यावा असे माझे ठाम मत आहे. साक्षीदाराची जबानी आरोपीने लिहून द्यावी तसे ते होईल, आणि ज्या व्यवसायात पुढे याच हाताने मृत्यूचे दाखले आणि औषधांच्या चिठ्ठ्या लिहावयाच्या आहेत, त्यात शिरताना पहिलाच कागद दुसऱ्याच्या आवाजात लिहिलेला नसावा. त्याऐवजी वर सांगितलेले टिपण अधिक सविस्तर करून द्यावे, आणि डॉक्टरांनी आपल्या शब्दांत अर्धे पान लिहिले तरी पुष्कळ आहे असे त्यांना सांगावे.

पत्राचा कस कशात असतो ते दोन नमुन्यांनी स्पष्ट होईल. पहिले पत्र म्हणते की, ही विद्यार्थिनी अत्यंत बुद्धिमान, कष्टाळू, दयाळू आणि नेतृत्वगुणांनी युक्त असून ती उत्तम डॉक्टर होईल याविषयी मला तिळमात्र शंका नाही. दुसरे म्हणते की, ही मुलगी आठ महिने दर शुक्रवारी माझ्याकडे येत होती. बहिऱ्या आजोबांशी बोलताना सर्व जण आवाज चढवीत असता तिने खुर्ची त्यांच्या समोर ओढून घेतली, जेणेकरून त्यांना तिचे ओठ दिसावेत. हस्तोपचाराने गुण आला की नुसत्या स्पर्शाने, असा प्रश्न तिने मला केला आणि पुढच्या आठवड्यात त्याविषयीचा एक अभ्यास वाचून आली. सुरुवातीस ती फार घाईने बोलत असे, ती सवय तिने प्रयत्नाने सोडली. पहिल्या पत्रातील प्रत्येक विशेषण कदाचित खरे असेल, पण ते कोणत्याही विद्यार्थिनीला लागू पडते. दुसऱ्यात एक उणीवही सांगितली आहे, आणि त्या उणिवेनेच उरलेल्या स्तुतीला विश्वास लाभला आहे.

मूळ पत्र वाचण्याच्या अधिकाराचा प्रश्न येथेच येतो. 1974 च्या कायद्याने अमेरिकेतील विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची पाहणी करण्याचा हक्क आहे, आणि अर्ज भरताना, या पत्राच्या बाबतीत तो हक्क सोडता काय, असे त्याला विचारले जाते. बहुतेक सल्लागार तो सोडावा असेच सांगतात, आणि मलाही ते पटते. विद्यार्थ्याच्या नजरेखाली लिहिलेली स्तुती समिती अर्धीच मानते. ज्याला आपले पत्र वाचल्यावाचून चैन पडणार नाही, त्याने पत्र मागण्यापूर्वी त्या डॉक्टरांवर आपला विश्वास आहे काय हे तपासावे.

उरलेला भाग रीतीचा आहे. ॲकोमास नावाच्या मध्यवर्ती अर्जव्यवस्थेत विद्यार्थी डॉक्टरांचे नाव व पत्ता नोंदवितो, डॉक्टरांना तेथून सूचना जाते, आणि डॉक्टर स्वतः पत्र चढवितात. विद्यार्थ्याच्या हातून ते जात नाही. टेक्सासमधील फोर्ट वर्थचे सरकारी महाविद्यालय त्या राज्याच्या वेगळ्या व्यवस्थेतून अर्ज घेते, तेवढे ध्यानी ठेवावे. पत्र डॉक्टरांच्या छापील शीर्षकपत्रावर असावे, त्यावर सही, तारीख आणि संपर्काचा तपशील असावा. सूचनेचे पत्र पुष्कळदा डॉक्टरांच्या टपालपेटीत हरवते, म्हणून दोन आठवड्यांनी एकदा विनयाने विचारपूस करण्यास हरकत नाही; दर दोन दिवसांनी विचारू नये. पत्र पोहोचले की आभाराची चार ओळींची हस्तलिखित चिठ्ठी पाठवावी, आणि निकाल काय लागला तो अनुकूल असो वा प्रतिकूल, डॉक्टरांना स्वतः कळवावा. पहिल्या वर्षी प्रवेश न मिळून पुन्हा दरखास्त करावयाची पाळी पुष्कळांवर येते. अशा वेळी जुने पत्र तसेच पुढे पाठविण्याचा प्रयत्न करू नये; मधल्या वर्षात त्याच डॉक्टरांकडे पुन्हा काही महिने जावे, आणि नव्या तारखेचे पत्र मागावे, ज्यात त्यांनी नव्याने पाहिलेलेही काही असेल.